कॉम्प्युटरच्या कामाचं गुत्तं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव इकडच्या पोरा-पोरींचे मला जे निरोप येतात, ते बहुतेक एकाच वळणाचे असतात. बीसीए झालंय किंवा पॉलिटेक्निक झालंय, कोडिंग बऱ्यापैकी येतं, पुण्यात खोली घेऊन राहणं घरी झेपत नाही, गुत्त्यावर, म्हणजे कंत्राटावर, काम घ्यायचं तर सुरुवात कुठून करू? मी लातुरात राहून हेच काम करते. आधी पुण्यात एका मोठ्या कंपनीत कन्सल्टन्सीच्या पगारावर होते, मग गावी येऊन स्वतःची गिऱ्हाइकं उभी केली. दोन्हीकडचं पाहिलेलं आहे, म्हणून एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच काढते.

कोड लिहिता येतो, हे मी धरून चालते. नाही आलं तर शिकवणारे ढीगभर आहेत. मला बोलायचंय ते कामाआधीच्या बोलण्याबद्दल आणि कागदाबद्दल. काय करून देणार, काय नाही, किती पैसे, कधी, हे हात लावायच्या आधी ठरलेलं नसलं की हुशार लेकरंसुद्धा रडकुंडीला येतात, आणि मग “या धंद्यात राम नाही” म्हणत सोडून देतात. मला ते बघवत नाही.

आधी ठरवा, गुत्तं कोणतं

तीन तऱ्हा आहेत. कन्सल्टन्सीच्या पगारावर कंपनीत बसायचं, म्हणजे थर्ड पार्टी पेरोल. इथल्या इथे स्वतःची गिऱ्हाइकं करायची. नाहीतर इंटरनेटवरून बाहेरचं काम घ्यायचं. अनुभव काहीच नसेल आणि घरून वर्षभर आधार मिळणार नसेल तर आधी पहिलं करा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षं कंपनीत बसलं की दुसऱ्याचा कोड कसा तपासतात, चालू सिस्टीम रात्री बंद पडली तर कोणाला काय कळवायचं, ई-मेल कसा लिहायचा, हे पगार घेऊन शिकायला मिळतं.

पण डोळे उघडे ठेवून जा. कंपनी आणि तुम्ही यांच्यामध्ये एक कन्सल्टन्सी असते, कधी तिच्याखाली आणखी एक. ऊसतोडीत कारखाना आणि टोळी यांच्यामध्ये मुकादम असतो तशीच ही रचना: काम कारखान्याचं, हिशोब मुकादमाचा. म्हणून पहिला प्रश्न हाच की माझ्या खात्यात पैसे कोण टाकणार आणि ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर येणार. दुसरा प्रश्न, पगार की प्रोफेशनल फी? पगार असेल तर पीएफ कापला जातो, १२ टक्के तुमचे आणि तेवढेच मालकाचे. पुष्कळ ठिकाणी मालकाचा वाटाही तुमच्या सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण पगारात, धरलेला असतो, तेव्हा हातात किती येणार ते विचारूनच आकड्याला हो म्हणा. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, मिळाला की पीएफ कार्यालयाच्या (ईपीएफओच्या) पासबुकात दर महिन्याला रक्कम पडते का ते स्वतः पाहा. पगारपत्रकात कापलेली दिसली म्हणजे भरलीच असं धरू नका. फी असेल तर पीएफ नाही, पगारी रजा नाही, टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, जाऊन उरलेलं हातात. फी वाईट नसते, पण पगाराएवढ्याच आकड्यावर फी घेऊ नका. निदान पाव पट जास्त मागा.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागितले की तिथून उठायचं. मूळ मार्कशीट कोणाकडे ठेवायची नाही. खोट्या अनुभवाचं पत्र तर अजिबात घ्यायचं नाही, कारण आता यूएएनवरून तुम्ही कुठे कधी होता ते पडताळणीत दिसतं आणि एकदा तो डाग लागला की पुढची दारं बंद होतात. बॉण्डचं, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर पैसे भरीन अशा लेखी हमीचं, थोडं समजून घ्या. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे, माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे “सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करायचं नाही” अशा वाक्याला घाबरून जाऊ नका. पण प्रशिक्षणाच्या खर्चापोटी ठरलेली वाजवी रक्कम न्यायालयं मान्य करतात. सगळेच बॉण्ड कागदाचे तुकडे असतात असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, सही करायच्या आधी रक्कम वाचा.

घरची तयारी

लॅपटॉप १६ जीबी रॅमचा, एसएसडीवाला. नवाच पाहिजे असं नाही, कंपन्यांचे परत आलेले चांगले मिळतात. त्याहून गरजेचं म्हणजे वीज आणि इंटरनेट. आमच्याकडे मान्सूनआधीच्या वादळात फिडर जातो तो कधी येईल सांगता येत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, हे पोरं विसरतात. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या, इन्व्हर्टर नसला तरी तीन-चार तास निघतात. फायबर एका कंपनीचं आणि मोबाईलचं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा, म्हणजे दोन्ही एकदम जाणार नाहीत. कोड रोज गिटवरून (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) बाहेर पाठवून ठेवायचा. लॅपटॉप पडला, चोरीला गेला तरी काम जाता कामा नये.

आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. हे जमेपर्यंत नोकरी सोडू नका. पैशाची नड असलेला माणूस पडेल त्या भावाला हो म्हणतो आणि समोरच्याला ते दोन मिनिटांत कळतं.

पहिलं काम

बहुतेक जण पहिलं काम म्हणून कोणाची तरी वेबसाईट फुकटात करून देतात. करू नका. फुकट केलेल्या कामाला मालक हातही लावत नाही, आणि तुम्ही फुकटवाले म्हणून ओळखले जाता. भाव कमी ठेवा, शून्य ठेवू नका.

आजूबाजूला बघा. मोंढ्यात आडत दुकानं आहेत, लातुरात डाळमिल आहेत, परभणी-सेलूकडे कापसाच्या जिनिंग आहेत, जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आणि स्टीलचे कारखाने आहेत, वाळूज-चिकलठाण्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणारे लहान कारखाने आहेत, गावोगावी पतसंस्था, दवाखाने, कृषी सेवा केंद्रं आहेत. लातुरात क्लासेस तर गल्लीगल्लीत. यांच्याकडे हिशोबाचं सॉफ्टवेअर, टॅली, असतेच. टॅलीच्या बाहेरचं जे वहीत किंवा एक्सेलमध्ये चालतं, तिथे तुमचं काम आहे. टॅलीला पोर्ट ९००० वर एक्सएमएल (प्रोग्रामला वाचता येईल अशा खुणांचा मजकूर) पाठवून बाहेरून नोंदी करता येतात. हे एवढं नीट शिकलात तरी हातात कामं येतील, कारण मुनीम रोज संध्याकाळी त्याच पावत्या दुसऱ्यांदा टाइप करत बसलेला असतो.

दुसरं एक दुर्लक्षित काम म्हणजे जुना मराठी मजकूर. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांचा डेटा अडकलेला आहे. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, आणून द्यायचा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन जागा फसवतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, रफाराचं बरोबर उलटं. शे-दोनशे नावं हाताने तपासल्याशिवाय असं काम देऊ नका. सभासदाचं नाव चुकलं तर पतसंस्थेत त्याचा त्रास त्या माणसाला होतो.

विचारायला जाताना “सॉफ्टवेअर पाहिजे का” असं विचारू नका, उत्तर “नको” येतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा, चहा घ्या, दिवसाचा हिशोब कसा लागतो ते दाखवा म्हणा. तासभर नुसतं बघा. कुठे वही आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे लिहितात, कुठे मालकाला फोन करून विचारावं लागतं, ते टिपून घ्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल बोला.

वजनकाट्याचं काम, जरा जवळून

गुत्त्याचं काम आत शिरल्यावर कसं असतं ते कळावं म्हणून एक काम तपशिलाने सांगते. डाळमिलच्या काट्यावर तुरीचे कट्टे भरलेली गाडी येते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी. मालकाला पाहिजे असतं की वजन काटेवाल्याने हाताने टाइप करू नये, थेट कॉम्प्युटरवर यावं, आणि शेतकऱ्याला मराठीत पट्टी, म्हणजे वजनाची आणि रकमेची पावती, मिळावी. ऐकायला दोन दिवसांचं काम.

काट्याच्या इंडिकेटरला (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) मागे आरएस-२३२ चं, जुन्या पद्धतीचं पोर्ट असतं, तुमच्या लॅपटॉपला ते नसतं. यूएसबीचा कन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्तातला कन्व्हर्टर धुळीत आणि उन्हात हमखास दगा देतो, म्हणून बरा घ्या आणि बिलात वेगळा लावा. कोडला हात लावायच्या आधी पुटी (पोर्टवर येणारा मजकूर दाखवणारा प्रोग्राम) उघडून नुसतं बघायचं की काटा काय पाठवतोय. स्पीड ९६०० असेल, २४०० असेल. काही इंडिकेटर आकडे उलटे पाठवतात, काही आधी एक खुणेचं अक्षर लावतात. हे कागदावर लिहून घ्या, इंडिकेटरचा फोटो काढा. मग लक्षात येतं की गाडी चढली की आकडा हलत राहतो: २४,३४०, २४,३६०, २४,३५०. कोणता धरायचा? इंडिकेटर ‘स्थिर’ अशी खूण पाठवत असेल तर ती वाचायची, नाहीतर आकडा काही सेकंद तोच राहिला तरच घ्यायचा. ड्रायव्हर खाली उतरला का, मागचं चाक पूर्ण काट्यावर आहे का, हे तुमच्या प्रोग्रामला कळत नाही. ते काटेवाल्याला कळतं, त्यामुळे त्याच्याशी बोलून बटण कुठे द्यायचं ते ठरवा.

एक गोष्ट मी लेखी नाकारते. “गरज पडली तर वजन बदलता आलं पाहिजे.” काटा वैध मापन अधिनियम, २००९ खाली तपासून मुद्रांकित केलेला असतो. त्याचं वजन सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप बदलायची सोय म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय. काटा बंद पडला तर हाताने नोंद करता यावी, पण ती नोंद वेगळी दिसावी, कोणी केली, किती वाजता, हे पट्टीवर छापलं जावं. प्रामाणिक मालकाला ही अट आवडते, कारण त्याच्याच माणसांवर लक्ष राहतं. ज्याला आवडत नाही त्याचं काम जाऊ द्या.

आता पट्टी. थर्मल प्रिंटरला मराठी मजकूर सरळ पाठवला की प्रश्नचिन्हं येतात किंवा जोडाक्षरं फुटतात. “सोयाबीन” कसंबसं निघेल, “निव्वळ” निघत नाही. उपाय असा की पट्टी आधी चित्र म्हणून तयार करायची आणि ते चित्र प्रिंटरला द्यायचं. ८० मिमीच्या कागदावर साधारण ५७६ ठिपक्यांची रुंदी मिळते, त्यात हमाली, तोलाई, कपात, निव्वळ रक्कम असे रकाने बसवायचे. अक्षर मोठं ठेवा. पट्टी वाचणारा माणूस साठीचा असतो आणि चष्मा घरी विसरलेला असतो.

दोन दिवसांचं काम असं तीन आठवड्यांवर जातं. यात कोणाचाच खोटेपणा नाही. म्हणून भाव सांगण्याआधी काट्यावर जाऊन यायचं.

भाव

भाव दोन तऱ्हेने घेता येतो, उक्ता (सगळ्या कामाचा मिळून एकच आकडा) किंवा तासावर. इथले मालक उक्ताच मागतात, कारण तासांचा हिशोब त्यांना दिसत नाही. पण उक्ता भाव सांगायला तुम्हाला तुमचा तासाचा दर माहीत पाहिजे.

आकडा असा काढा. समजा घर आणि धंदा मिळून महिन्याला ४०,००० लागतात, वर्षाचे ४,८०,०००. आरोग्य विमा, कर, लॅपटॉप बदलणं यासाठी ६०,००० धरा. झाले ५,४०,०००. महिन्यातले बिल लावता येतील असे तास मोजा. दिवसभर बसलात तरी गिऱ्हाइकाकडे जाणं, फोन, बिलं, शिकणं यात निम्मा वेळ जातो. महिन्याला ९० तास धरले तर वर्षाचे १,०८०. भागाकार केला की तासाला ५०० रुपये येतात. हा तुमचा तळ, याच्या खाली उतरायचं नाही. काम ६० तासांचं वाटलं तर ३०,००० होतात, त्यावर अडचणींसाठी तीसएक टक्के चढवा आणि ३९,००० सांगा. घासाघीस होणारच. तेव्हा भाव कमी करू नका, काम कमी करा. “मालक, ३०,००० मध्येही बसवते, पण मग दिवसाचा गोषवारा आणि वापरणाऱ्यांची वेगवेगळी खाती यात येणार नाहीत.” एवढं बोलायला जमलं पाहिजे. आरशासमोर बोलून सराव करा, मी खरंच सांगते.

कागद

दोन पानं पुरतात. मराठीत लिहा. मालक स्वतः वाचतो, मुनीमाला वाचायला देतो, शंका तेव्हाच निघतात. माझ्या कागदातला मधला भाग साधारण असा असतो:

“करून द्यायचे काम: काट्याच्या इंडिकेटरवरून वजन थेट घेणे, भरलेल्या व रिकाम्या गाडीवरून निव्वळ वजन काढणे, मराठीत पट्टी छापणे, दिवसाचा गोषवारा. यात समाविष्ट नाही: टॅलीची जोडणी, मोबाईल अ‍ॅप, मागील वर्षांच्या नोंदी भरणे, कॉम्प्युटर-प्रिंटरची दुरुस्ती. मालकांनी द्यावयाचे: जुन्या पट्ट्यांचे नमुने, दरांची यादी, चाचणीसाठी दोन दिवस काटेवाल्याचा वेळ. रक्कम: ४० टक्के सुरुवातीला, ३० टक्के काट्यावर पहिली पट्टी निघाल्यावर, ३० टक्के काम सोपवताना. सोपवल्यापासून ३० दिवस आमच्याकडून राहिलेल्या चुका विनामूल्य दुरुस्त. नवीन मागणी आल्यास वेगळा अंदाज लेखी देऊन, संमती आल्यावरच काम.”

“समाविष्ट नाही” ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. भांडणं तिथूनच उगवतात. पहिले ४० टक्के आल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही, ओळखीचा असला तरी, मामाचा मित्र असला तरी. नात्यातल्याला तर आधीच कागद द्या, म्हणजे पुढे दिवाळीला एकत्र बसता येईल.

सही कागदावर मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर पीडीएफ ई-मेल करा आणि “मान्य आहे” असं उत्तर मागवून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार केवळ त्या कारणाने अमान्य होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं तर ते संभाषण जपून ठेवा.

सोर्स कोड कोणाचा, हेही लिहा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत असताना लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचाच असतो, पण स्वतंत्रपणे गुत्त्यावर केलेल्या कोडचा हक्क सहसा लिहिणाऱ्याकडे राहतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरतात. मी लिहिते की पूर्ण रक्कम मिळाल्यावर या कामासाठी खास लिहिलेल्या कोडचे हक्क गिऱ्हाइकाचे, माझे जे सर्वसाधारण भाग मी सगळीकडे वापरते ते माझे, त्यांना वापरायची कायमची परवानगी. काट्याचं वजन वाचणारा तुकडा माझा राहिला नाही तर पुढच्या मिलला मी काय देऊ?

मोठी कंपनी स्वतःचा इंग्रजी करार पाठवते. त्यात चार जागा शोधा: बिल किती दिवसांत देणार, काम मध्येच थांबवलं तर झालेल्या कामाचे पैसे मिळणार का, नुकसानभरपाईला वरची मर्यादा आहे का, आणि दुसरीकडे काम करायला बंदी आहे का. मर्यादा नसेल तर “मिळालेल्या एकूण रकमेपेक्षा जास्त नाही” हे वाक्य घालायला सांगा. नम्रपणे मागितलं तर पुष्कळदा मिळतं.

मग काम सुरू झाल्यावर येतं ते “मॅडम, एवढं एक करून द्या.” नाही म्हणू नका, रागावूही नका. “शेठ, होईल. दोन दिवसांचं आहे, आठ हजार होतील. लिहून पाठवते, तुमचं हो आलं की लागते.” निम्म्या मागण्या इथेच थांबतात. उरलेल्या खऱ्या असतात, त्यांचे पैसे मिळतात.

पैसे हातात येणं आणि कर

पहिल्याच आठवड्यात उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, करा. फुकट आहे, आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर होते. पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. ही नोंदणी काम घेण्याच्या आधीची पाहिजे. सूक्ष्म-लघु उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर ठरवताच येत नाही. ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. त्यावर आयकरातही तरतूद आली: मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. एका कारखान्याने माझं बिल अडकवलं होतं, हिशोबनीस फोन उचलत नव्हता. उद्यम नंबर बिलावर छापलेला होताच. मी त्यांच्या सीएंना दोन्ही तरतुदींचा उल्लेख करून चार ओळींचा ई-मेल केला आणि मार्च संपायच्या आत पैसे आले. तरी नाही आले तर लहान उद्योगांच्या (एमएसएमईच्या) सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

बिलावर क्रमांक, तारीख, पॅन, बँक खातं, उद्यम नंबर आणि कागदातला कोणता टप्पा पूर्ण झाला ते लिहा. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. शॉप अ‍ॅक्टची (दुकान-आस्थापना कायद्याची) ऑनलाइन सूचना भरा, एकट्याने धंदा करणाऱ्याला तेवढी पुरते, आणि बँकेला तो कागद लागतो. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तो भरा आणि विसरा.

आयकराला पोरं उगाच भितात. माहिती तंत्रज्ञानाच्या व्यावसायिकांना, सीए लोक ज्याला ४४एडीए म्हणतात, ती सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत, आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांपर्यंतच असेल तर ७५ लाखांपर्यंत, तर जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाची वही ठेवायची सक्ती नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, सोय राहिली. ८ लाख जमा झाले तर उत्पन्न ४ लाख. नव्या कररचनेत कर लागत नाही, पण कापलेला टीडीएस परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावंच लागतं. कर बसत असेल तर आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. आयकराच्या पोर्टलवर टीडीएसचा तक्ता, सीए लोक ज्याला २६एएस म्हणतात तो, उघडून गिऱ्हाइकाने कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर भरला का ते तीन महिन्यांनी बघत जा.

जीएसटीची नोंदणी सेवांना वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर. त्याआधी कोणी “जीएसटी नंबर नाही तर काम नाही” म्हणालं तर स्वखुशीने घेता येते, पण मग दर वेळची रिटर्न मागे लागतात, शून्य असली तरी. एका गिऱ्हाइकासाठी घेऊ नका.

बाहेरचं काम

अपवर्क, फायव्हर अशा ठिकाणी सुरुवातीला भाव पडलेला असतो आणि जगभरातले लोक असतात. तिथे “मी सगळं करते” म्हणणारा दिसतच नाही. एक बारीक गोष्ट निवडा: भारतीय भाषांचे पीडीएफ, जुन्या फॉन्टचं रूपांतर, टॅलीची जोडणी. पैसे प्लॅटफॉर्मच्या बाहेर घेऊ नका, खातं बंद होतं. स्वतःचं खातं कोणाला भाड्याने देऊ नका, फसवणुकीत पोलीस तुमच्या दारात येतील. चाचणी म्हणून अनोळखी माणसाने पाठवलेला प्रोजेक्ट आपल्या रोजच्या लॅपटॉपवर चालवू नका, त्यातून पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात. परदेशातून पैसे आले की बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे त्याचा क्रमांक, विचारते, सॉफ्टवेअर सल्ल्याच्या कामाला पी०८०२. पैसे आल्याचा बँकेचा दाखला प्रत्येक वेळी मागून ठेवा, नंतर मागायला गेलं की काउंटरवरून काउंटरवर फिरावं लागतं. जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीसाठी एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) दर वर्षी ऑनलाइन भरायची.

घर आणि शेजार

घरात बसून काम करणारा माणूस रिकामा समजला जातो. मुलींच्या बाबतीत तर जास्तच: पाहुणे आले, चहा टाक, लॅपटॉपच तर आहे. मी कामाच्या वेळा कागदावर लिहून दाराला लावल्या, ठरलेल्या वेळी आवरून, कपडे बदलून बसू लागले, आणि पहिलं बिल जमा झाल्याचा मेसेज सासूबाईंना दाखवला. लग्न झालेल्या पोरी मला विचारतात की घरचे ऐकतील का. ऐकतात, पण तुम्ही स्वतः त्या वेळेला मान दिल्यावर. आणि बिलं, बँक खातं, पासवर्ड तुमच्याच हातात ठेवा. भावाने किंवा नवऱ्याने “मी बघतो” म्हटलं तरी.

काम सोपवताना

गिऱ्हाइकाचे पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका, पासवर्ड मॅनेजर वापरा. डोमेन, होस्टिंग, क्लाउडचं खातं पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या नावावर आणि त्याच्या कार्डावर काढा. उद्या भांडण झालं तरी त्याचा धंदा तुमच्या हातात अडकता कामा नये. दवाखान्याचा किंवा क्लासचा डेटा चाचणीसाठी घरी आणू नका, नावं बदललेला नमुना बनवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही नुसती सभ्यता राहिलेली नाही.

शेवटच्या दिवशी काटेवाल्याला किंवा मुनीमाला स्वतःच्या हाताने सगळं करायला लावा, तुम्ही माऊसला हात लावू नका. बॅकअप घ्यायला आणि बॅकअपमधून परत आणायला शिकवा. बॅकअप परत आणून पाहिलेला नसेल तर तो आहे असं धरू नका. एका फोल्डरमध्ये कोड, पासवर्डची यादी, इंडिकेटरचा फोटो आणि सेटिंग, प्रिंटरचा ड्रायव्हर, आणि “बंद पडलं तर काय करायचं” हे एक पान मराठीत, छापून काट्याच्या भिंतीवर. तुमचे सगळे अ‍ॅक्सेस काढून टाकले असं लेखी कळवा. मग देखभालीचा वार्षिक करार पुढे ठेवा, मूळ रकमेच्या पंधरा-वीस टक्के, वर्षाच्या सुरुवातीला, आणि त्यात फोन कोणत्या वेळेत उचलणार तेही घाला. तुरीच्या हंगामात मिल रात्री दहालाही चालू असते, त्यामुळे हंगामाचे तास आणि त्यांचा वेगळा दर त्याच कागदावर लिहून घ्या.